बारवेचं घनफळ ते मुळशीचं धरण : बहुपदीच्या समाकलनाची गोष्ट

या व्याख्यानमालेत आपण दर वेळी गणितातली एखादी ओळखीची गोष्ट घेतो आणि ती कुठून आली, कुणाच्या उपयोगी पडली, ते बघतो. आजची गोष्ट बारावीला विज्ञान शाखेत गणित घेतलेल्या प्रत्येकाला पाठ असते. बहुपदीचं इंटिग्रेशन, म्हणजे समाकलन. नियम एका वाक्यात सांगता येतो : घातांक एकाने वाढवा आणि नव्या घातांकाने भागा. क्षच्या वर्गाचं समाकलन म्हणजे क्षचा घन भागिले तीन. क्षच्या घनाचं, क्षचा चौथा घात भागिले चार. बरीच पदं असतील तर एकेक पद वेगळं सोडवायचं, सहगुणक बाहेर ठेवायचा, आणि शेवटी 'अधिक सी' लिहायचं. 'सी' राहिला तर मार्क कापतात, म्हणून तोही पाठ.

पण तीननेच का भागायचं? आणि हा 'सी' नक्की कोण? हे दोन प्रश्न विचारले की वर्गात बहुतेक वेळा शांतता पसरते. आज आपण ते मुळशी तालुक्यात बसून विचारणार आहोत, आणि त्याला कारण आहे. इथून जवळच शंभर वर्षांपूर्वी एका खोऱ्यात पाणी साठवायचं ठरलं. खोऱ्यात किती पाणी मावेल, हा समाकलनाचाच प्रश्न असतो. त्या पाण्याखाली कुणाची खाचरं जातील, हा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांचं एकमेकांशी असलेलं नातं समजलं, तर आजच्या व्याख्यानाचं काम झालं.

सुरुवात धरणापासून नको, विहिरीपासून करू.

भास्कराचार्यांची 'लीलावती' आपल्याला माहीत असते ती हंस, भुंगे आणि कमळांच्या गणितांमुळे. इसवी सन ११५० च्या सुमाराच्या या ग्रंथात 'खातव्यवहार' नावाचं एक प्रकरण आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. तळी, विहिरी, बारवा यांची मापं तिथे येतात. ग्रंथकार स्वतःला सह्य पर्वताच्या मुलखातला म्हणवतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याची ती नोंद. म्हणजे हे गणित आपल्याच डोंगरांच्या आसऱ्याने शिकवलं जात होतं.

उदाहरण असं आहे. एक बारव आहे. तिचं तोंड बारा हात लांब आणि दहा हात रुंद. तळ बरोबर त्याच्या निम्मा, सहा हात बाय पाच हात. खोली सात हात. तर एकूण खोदाई किती घनहात?

बाजू उतरत्या आहेत, त्यामुळे लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली हे सरळ चालत नाही. साधा माणूस दोन पद्धतींनी उत्तर काढेल. पहिली पद्धत : तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०, सरासरी ७५, गुणिले सात, उत्तर ५२५. दुसरी पद्धत : बरोबर मधल्या उंचीवरची मापं घ्या. लांबी नऊ, रुंदी साडेसात, क्षेत्रफळ साडेसदुसष्ट. गुणिले सात, उत्तर ४७२.५. एकच बारव, दोन उत्तरं, आणि फरक साडेबावन्न घनहातांचा. खोदणाऱ्याला मजुरी घनहातावर मिळत असेल, तर या फरकावरून भांडण नक्की.

भास्कराचार्य तिसरं उत्तर देतात. तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, १२०. तळाचं घ्या, ३०. मग दोन्ही लांब्यांची बेरीज, १८, आणि दोन्ही रुंद्यांची बेरीज, १५, यांचा गुणाकार घ्या, २७०. तिन्हींची बेरीज ४२०. तिला सहाने भागा, ७०. गुणिले खोली सात, उत्तर ४९०. हेच अचूक उत्तर आहे.

त्यांच्याही पाचशे वर्षं आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगितली होती. ती तर फारच बोलकी आहे. मधल्या मापाचं उत्तर घ्या, ४७२.५. सरासरीचं उत्तर घ्या, ५२५. दोन्हींतल्या फरकाचा तिसरा भाग काढा : ५२.५ भागिले तीन म्हणजे १७.५. तो पहिल्या उत्तरात मिळवा. ४७२.५ अधिक १७.५, म्हणजे ४९०.

इथे तीन आला. बारावीच्या पुस्तकात क्षच्या घनाखाली बसलेला तीन तो हाच. या बारवेत आपण तळापासून वर चढू लागलो की लांबी सारख्या गतीने वाढते आणि रुंदीही सारख्या गतीने वाढते. म्हणून क्षेत्रफळ वर्गाच्या चालीने वाढतं. ते खोलीची द्विघाती बहुपदी असतं. सगळ्या थरांची क्षेत्रफळं एकत्र करायची म्हणजे त्या बहुपदीचं समाकलन करायचं. वर्गपदाच्या वाट्याला तीनने भागणं येतं, आणि ब्रह्मगुप्तांच्या नियमात तोच भागाकार उघड दिसतो.

ही केवळ जुन्या ग्रंथातली गंमत नाही. आज गावोगाव शेततळी झाली आहेत. समजा शेततळं वर तीस बाय तीस मीटर आहे, तीन मीटर खोल आहे, आणि बाजूंचा उतार एकास एक आहे. तळ चोवीस बाय चोवीसचा होईल. भास्कराचार्यांच्या रीतीने ९०० अधिक ५७६ अधिक ५४ चा वर्ग २,९१६. बेरीज ४,३९२. सहाने भागून ७३२, गुणिले तीन, २,१९६ घनमीटर. सरासरीने काढलंत तर २,२१४ येतील. अठरा घनमीटरचा फरक, म्हणजे अठरा हजार लिटर. उन्हाळ्यात ते दोन टँकर होतात.

आता तीन का, ते पाहू. (फळ्यावर पायऱ्यांची आकृती.) एक घाट डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरचा थर एका चौरसाचा, त्याखाली दोन बाय दोनचा, म्हणजे चारचा, मग नऊचा, सोळाचा. दहा थरांत एकूण दगड किती? एकपासून दहापर्यंतच्या वर्गांची बेरीज, ३८५. तेवढ्याच उंचीचा आणि दहा बाय दहा तळाचा सरळ ठोकळा रचला असता तर हजार दगड लागले असते. म्हणजे आपला घाट ठोकळ्याच्या ०.३८५ पट. आता शंभर थर घ्या : वर्गांची बेरीज ३,३८,३५० आणि ठोकळा दहा लाखांचा. प्रमाण ०.३३८. हजार थर घेतले तर ०.३३३८. थर जितके पातळ आणि जास्त, तितकं प्रमाण एकतृतीयांशाला जाऊन भिडतं.

वर्गांच्या बेरजेचं सूत्र आर्यभटांकडे ४९९ साली आहे, 'लीलावती'तही आहे. केरळातल्या गणितींनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. माधवांच्या परंपरेतल्या ज्येष्ठदेवांनी १५३० च्या सुमारास 'युक्तिभाषा' लिहिली, तीही संस्कृतात नाही, मल्याळममध्ये. त्यात युक्तिवादासकट सांगितलं आहे की संख्या फार मोठी असेल तर वर्गांची बेरीज घनाच्या एकतृतीयांश, घनांची बेरीज चौथ्या घाताच्या एकचतुर्थांश, आणि हे असंच पुढे चालतं. घातांक एकाने वाढवा, नव्या घातांकाने भागा. आपला पाठ केलेला नियम, लोकांच्या बोलीत, न्यूटनच्या जन्माआधी शंभर वर्षं लिहिलेला.

युरोपातही हा नियम असाच हळूहळू, एकेका मापातून, वर आला. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पॅराबोलाच्या पोटातलं क्षेत्रफळ काढलं. १६१५ साली केप्लरने दारूच्या पिंपांचं घनफळ काढण्यावर पुस्तक लिहिलं. कारण व्यापारी पिंपात तिरकी काठी घालायचा आणि काठी किती ओली झाली ते पाहून पैसे मागायचा, ते केप्लरला पटेना. केप्लरने पिंपासाठी वापरलेली रीत अशी : दोन टोकांची क्षेत्रफळं घ्या, मधल्याची चारपट घ्या, सगळ्यांच्या बेरजेला सहाने भागा, लांबीने गुणा. ओळखीची वाटते ना? भास्कराचार्यांचा २७० हा मधल्या क्षेत्रफळाची, साडेसदुसष्टची, चारपटच आहे. पुढे थॉमस सिम्प्सनने १७४३ साली ही रीत छापली आणि जगभरच्या इंजिनिअरांच्या तोंडी ती 'सिम्प्सन्स रूल' झाली.

कावालिएरी नवव्या घातापर्यंत पोचला, फर्माने सर्वसाधारण घाताचं काम केलं. मग न्यूटन आणि लायब्निझ आले. लायब्निझने २९ ऑक्टोबर १६७५ रोजी आपल्या कागदांत पहिल्यांदा तो लांब ताणलेला 'एस' लिहिला. तो 'सुम्मा' या शब्दाचा, म्हणजे बेरजेचा, 'एस'. आज मुलांना ज्याची धडकी भरते ते चिन्ह म्हणजे 'बेरीज करा' एवढाच निरोप आहे.

न्यूटन-लायब्निझने नवं काय केलं, ते पाण्याच्या भाषेत सांगतो. तलावातली पातळी केसाच्या जाडीइतकी वाढली, तर साठा किती वाढला? पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले ती केसाची जाडी. म्हणजे साठा वाढण्याचा वेग हा त्या पातळीवरच्या क्षेत्रफळाइतका असतो. मग क्षेत्रफळ माहीत असताना साठा काढायचा असेल, तर हजार थरांची बेरीज करत बसायला नको. वाढण्याचा वेग बरोबर तेवढा असेल अशी राशी शोधली की झालं. बेरीज आणि वाढीचा वेग या एकमेकींच्या उलट क्रिया आहेत.

याने तीनचंही कोडं सुटतं. एका कोपऱ्यापासून वाढणारा घन घ्या. त्याची बाजू जराशी वाढवायची तर समोरच्या तीन पृष्ठभागांवर पातळ लेप द्यावा लागतो. प्रत्येक पृष्ठभाग क्षच्या वर्गाइतका. म्हणजे घन वाढतो तो तीन वर्गांच्या वेगाने. मग एकाच वर्गाच्या वेगाने वाढणारी राशी कुठली? घनाचा तिसरा हिस्सा. एवढंच आहे.

हे सगळं मराठीत कधी आलं? १८३२ साली 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला पत्रकार म्हणून माहीत असतात. डिफरन्शिअल कॅल्क्युलसवरचं मराठीतलं पहिलं पुस्तकही त्यांचंच, 'शून्यलब्धि'. लब्धि म्हणजे भागाकाराचं उत्तर. शून्याकडे झुकणाऱ्या दोन फरकांचा भागाकार ही सगळी कल्पना त्यांनी एका शब्दात बसवली होती. पुढे उच्च गणित इंग्रजीतच राहिलं, आणि आज गावातली मुलगी दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसते. नियम पाठ होतो, बेरीज दिसत नाही. त्याचं मूळ कारण बहुधा गणितात नसून इथे आहे.

आता मुळशीकडे येऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पश्चिमेला कडा एकदम कोकणात उतरतो. माथ्यावर पाणी अडवायचं, नळांतून खाली सोडायचं आणि पायथ्याला वीज करायची, ही टाटांची योजना. १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली, १९२२ साली भिवपुरीची. तिसरी योजना मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशीला. पाणी पूर्वेला पुण्याकडे वाहायचं, ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खाली आणायचं. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं.

यात घनफळाला किंमत किती, ते बघा. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो. ते पाचशे मीटर खाली आलं की गणिताने १.३६ युनिट वीज होते. यंत्रांत आणि नळांत काही वाया जाते, तरी एक युनिटाहून थोडी जास्त उरते. म्हणजे साठ्याचा प्रत्येक घनमीटर ढोबळमानाने एक युनिट. इथे समाकलनाचं उत्तर थेट पैशात मोजता येतं.

धरणाचा साठा काढायची रीत अशी. खोऱ्याची पाहणी करून समान उंचीच्या रेषा, कंटूर, नकाशावर काढायच्या. प्रत्येक रेषेच्या आतलं क्षेत्रफळ मोजायचं. त्यासाठी प्लॅनिमीटर नावाचं यंत्र असे. आम्सलर या स्विस माणसाने १८५४ साली त्याचा सोपा नमुना काढला होता. टोक नकाशावरच्या रेषेवरून फिरवलं की क्षेत्रफळ चाकावर वाचायला मिळतं. मग क्षेत्रफळांचे थर एकावर एक रचून घनफळ.

आपण एक मनातलं खोरं घेऊ. हे आकडे मुळशीचे नाहीत, रीत कळावी म्हणून आम्ही घेतले आहेत. समजा तळापासून काही मीटर उंचीवर पाण्याखाली जाणारं क्षेत्र हेक्टरमध्ये असं येतं : उंचीच्या वर्गाची दुप्पट, अधिक उंचीची चाळीसपट. दहा मीटरवर २०० अधिक ४००, म्हणजे ६०० हेक्टर. वीस मीटरवर १,६००. तीस मीटरवर ३,०००. धरण तीस मीटरपर्यंत भरायचं आहे. पाणी किती?

दहा-दहा मीटरचे तीन थर पाडून प्रत्येक थराची सरासरी घेतली तर उत्तर येतं ३७,००० हेक्टर-मीटर. पाच-पाच मीटरचे थर पाडले तर ३६,२५०. एकेक मीटरचे पाडले तर ३६,०१०. थर पातळ केले की चूक घटते. थर निम्मा केला की चूक चौथाई होते : हजाराची अडीचशे. आता नियम लावा. वर्गाच्या दुपटीचं समाकलन घनाची दोनतृतीयांश पट. चाळीसपटीचं समाकलन वर्गाची वीसपट. तीस घाला : १८,००० अधिक १८,०००. बरोबर ३६,०००. आणि भास्कराचार्यांची रीत? तळाला शून्य, मध्ये पंधरा मीटरवर १,०५०, वर ३,०००. शून्य अधिक ४,२०० अधिक ३,०००, भागिले सहा, १,२००. गुणिले तीस, ३६,०००. तेच उत्तर, फक्त तीन मापांत. त्रिघाती बहुपदीपर्यंत ही रीत तंतोतंत बरोबर येते, म्हणून धरणाच्या कचेरीत ती इतकी लाडकी. एकूण ३६ कोटी घनमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या भाषेत पावणेतेरा टीएमसीच्या आसपास.

आता हेच गणित दोन बाजूंनी वाचू.

वरून वाचा. तीस मीटरपैकी शेवटच्या दहा मीटरांत किती पाणी? वीस मीटरपर्यंत साधारण १३,३३३ हेक्टर-मीटर, म्हणून वरच्या दहांत २२,६६७. उंचीचा तिसरा हिस्सा, पण पाण्याचा जवळजवळ दोनतृतीयांश. शेवटचा एक मीटर घ्या. त्याने पाणी वाढतं २,९२१ हेक्टर-मीटर, म्हणजे जवळजवळ तीन कोटी युनिटांचं. नवी जमीन बुडते फक्त १५८ हेक्टर. कचेरीत बसलेल्या माणसाला हा सौदा फार स्वस्त वाटणार. धरणाची उंची आणखी थोडी वाढवा, हा मोह यातूनच येतो. साठा घनाच्या चालीने वाढतो आणि जमीन वर्गाच्या चालीने जाते.

आता खालून वाचा. पहिल्या दहा मीटरांत पाणी मावतं फक्त २,६६७ हेक्टर-मीटर, एकूण साठ्याच्या साडेसात टक्केसुद्धा नाही. पण जमीन जाते ६०० हेक्टर, एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा. आणि ही जमीन कुठली? मावळात राहणाऱ्याला सांगायला नको. नदीकाठची, गाळाची, पाणी धरून ठेवणारी भातखाचरं तळाशी असतात. वर चढत गेलं की वरकस जमीन, नाचणी आणि वरई. म्हणजे ज्या थरात पाणी सगळ्यात कमी, तिथेच घर भरवणारी जमीन सगळ्यात जास्त.

त्यातही बोगद्याचं तोंड तळाशी नसतं, काही उंचीवर असतं. त्याच्या खालचं पाणी बाहेर निघतच नाही. त्याला मृत साठा म्हणतात. आपल्या खोऱ्यात तोंड दहा मीटरवर असेल, तर उपयोगाचा साठा ३६,००० वजा २,६६७, म्हणजे ३३,३३३. इथे 'सी' भेटतो. आपण मोजायला कुठून सुरुवात केली, ते सांगणारी संख्या म्हणजे 'सी'. तळापासून मोजा की बोगद्याच्या तोंडापासून मोजा, साठ्याच्या सूत्रात फक्त एका स्थिरांकाचा फरक पडतो, आणि वाढीचा वेग काढला की तो स्थिरांक दिसेनासा होतो. गणिताला त्याने काही फरक पडत नाही. पण आपल्या उदाहरणात त्या स्थिरांकाखाली ६०० हेक्टर खाचरं आहेत.

मुळशीच्या मावळ्यांनी कॅल्क्युलस शिकलेलं नव्हतं. पण कुठल्या थरात काय आहे, हे त्यांना पायाखालच्या चिखलाने शिकवलं होतं. सुमारे पन्नास गावांवर धरणाचं सावट होतं. जमिनी सरकारने संपादन करून कंपनीला द्यायच्या होत्या. पुष्कळ जमिनींचे मालक पुण्यातले सावकार होते. त्यांचं लक्ष भरपाईच्या दराकडे. कसणाऱ्याचं लक्ष जमिनीकडे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, शंकरराव देव होते, आणि नेते होते पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना या लढ्यातूनच चिकटली.

बापटांबद्दलची एक गोष्ट आजच्या विषयाला धरून आहे. ते शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. म्हणजे धरणाचं गणित ज्याला परकं नव्हतं असा माणूस खाचराच्या बांधावर उभा राहिला होता. वीज नको, असं म्हणायला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस कशाला तयार होईल? भांडण विजेशी नव्हतं. खोऱ्यातल्या माणसांना न विचारता खोऱ्याचा हिशेब पुरा कसा होतो, याबद्दलचं ते भांडण होतं.

सत्याग्रह तीन वर्षांवर चालला, मधे थांबला, पुन्हा पेटला. फूट पडली. सावकार भरपाईकडे वळले. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात रेल्वे अडवण्याचं प्रकरण झालं आणि सेनापतींना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरं झालं. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक आज त्याचा उल्लेख करतात.

मग समाकलन दोषी का? आम्हाला तसं वाटत नाही. बेरीज बरोबर होती. पण बेरजेचा एक स्वभाव असतो : थर एकदा मिळवले की ते वेगळे ओळखू येत नाहीत. ३६,००० या आकड्यात पहिला थर कुठे आणि शेवटचा कुठे, हे सांगता येत नाही. ते सांगायचं तर चिन्हाच्या आतली बहुपदी बघावी लागते. कचेरीच्या टेबलावर समाकलनाचं उत्तर होतं. मावळ्यांच्या हातात आतलं एकेक पद होतं, नावानिशी, बांधासकट. न्यूटन-लायब्निझने दाखवलं की या दोन्हींपैकी एक माहीत असेल तर दुसरं काढता येतं. म्हणजे गणिताने दोन्ही बाजू बघायची सोय करूनच ठेवली आहे. बघायचं की नाही, हे माणसांनी ठरवायचं असतं.

इथे शिक्षक बरेच आले आहेत, त्यांना एक विनंती. नियम फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना जवळच्या शेततळ्यावर न्या. तोंडाची मापं घ्या, तळाची घ्या, खोली घ्या. सरासरीने एक उत्तर काढा, मधल्या मापाने दुसरं काढा. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत, हे मुलांना स्वतः दिसू द्या. मग ब्रह्मगुप्तांचा तिसरा भाग मिळवा. दुसऱ्या दिवशी वर्गात लांब 'एस' काढला की तो कशाची बेरीज मागतोय, हे सांगावं लागणार नाही. आणि जमलं तर, धरणाच्या भिंतीवर उभं राहून एकदा विचारा : सगळ्यात खालच्या थरात काय होतं?

आता प्रश्न घेऊ.